अबोल मुलांचा कैवारी

आजच्या भाषणाचा विषय शाळेंतील समुपदेशक हा आहे. विषय नव्या काळांतला, आणि बोलणारा मी मात्र अकरावीची जुनी मॅट्रिक झालेला, सेवेंतून निवृत्त झालेला एक मास्तर. तेव्हां कोणी शास्त्रज्ञ पंडित बोलत आहे, अशा समजुतीनें कृपा करून ऐकूं नका. गडचिरोली आणि चंद्रपूर या जंगलाच्या जिल्ह्यांत ज्याची हयात गेली, ज्याच्या हातून कांहीं मुलें घडलीं आणि कांहीं निसटलीं, असा एक माणूस आपल्याशीं बोलत आहे, एवढेंच समजा. आणि प्रारंभ मी एका निसटलेल्या मुलापासूनच करतों.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांतली ही गोष्ट. भामरागडच्या बाजूस एका लहानशा शाळेवर माझी नेमणूक झाली होती. दुसरीच्या वर्गांत एक माडिया मुलगा होता. वेळेवर येई, पाटी स्वच्छ पुशी, नांव पुकारलें कीं उभा राही. परंतु तोंडांतून शब्द म्हणून काढीत नसे. मीं त्याला गोंजारून पाहिलें, दरडावून पाहिलें, एकदोनदां छडीहि दाखविली. शेवटीं नाद सोडून दिला आणि वर्षअखेर त्याच्या प्रगतिपुस्तकांत शेरा लिहिला, "मंद. बोलत नाहीं."

पुढें मोहफुलांचे दिवस आले. एके दिवशीं पहांटे फिरावयास निघालों असतां मोहाच्या एका झाडाखालीं सहासात मुलें फुलें वेंचतांना दिसलीं. त्यांच्या मधोमध एका मुळावर बसून हा माझा मुका विद्यार्थी कांहीं तरी गोष्ट सांगत होता. मला ती भाषा येत नव्हती, तरी गोष्टींत अस्वल आहे आणि तें कोणाच्या तरी पाठीं लागलें आहे, इतकें त्याच्या आवाजावरून आणि हातवाऱ्यांवरून मलाहि कळलें. मुलें वेंचणें विसरून हंसत होतीं. इतक्यांत त्याची दृष्टि माझ्याकडे गेली, आणि दिवा मालवावा तसा तो गप्प झाला. जून महिन्यांत शाळा उघडली तेव्हां तो आला नाहीं. मी त्याच्या घरीं गेलों. बापानें दुसऱ्या एका माणसाच्या तोंडून मला सांगितलें कीं, शाळेंत गेलें म्हणजे पोराचें पोट दुखतें. तो मुलगा पुन्हा कधींहि शाळेंत आला नाहीं.

मीं त्याच्यावर अन्याय केला, असें त्या वेळीं मला मुळींच वाटलें नव्हतें. उलट मीं सर्व मुलांना सारखेंच वागविलें, असा माझा अभिमान होता. सर्वांना एकच पुस्तक, एकच भाषा, एकच प्रश्न आणि एकच छडी! यांत पक्षपात कोठें आहे?

याचें उत्तर मला पुष्कळ वर्षांनीं एका साध्या दाखल्यानें समजलें. अशी कल्पना करा कीं, एका गांवांत तीन विहिरी आहेत. एकीचें पाणी दहा हातांवर, दुसरीचें वीस हातांवर आणि तिसरीचें तीस हातांवर आहे. पंचांनीं प्रत्येक विहिरीस बारा हातांचा एकेक दोर दिला. वाटप अगदीं समान झालें. पाणी मात्र एकाच विहिरीवर मिळालें. शाळेंत आपण नेहमीं दोर मोजतों, खोली मोजीत नाहीं. कोणत्या मुलाचें पाणी किती खोल आहे हें मोजून त्याला पुरेल एवढा दोर मिळवून देणें, हें ज्याचें काम, तो शाळेंतील समुपदेशक होय. माझ्या आजच्या भाषणाचें सार एवढेंच आहे. पुढें जें सांगणार आहें तो त्याचा विस्तार.

प्रथम या शब्दाविषयीं. समुपदेशक या शब्दाच्या पोटांत 'उपदेश' बसलेला आहे, आणि त्यामुळें मोठा घोटाळा होतो. मुलांना उपदेश करणारीं माणसें शाळेंत काय थोडीं असतात? समुपदेशकाचें पहिलें काम बोलण्याचें नसून ऐकण्याचें आहे. तो गुण देत नाहीं, नापास करीत नाहीं, शिक्षा करीत नाहीं; म्हणूनच मूल त्याच्याजवळ मन मोकळें करूं शकतें. या कामाचा उगम पाहिला तर तोहि मनोरंजक आहे. अमेरिकेंतील बोस्टन शहरांत फ्रँक पार्सन्स नांवाच्या गृहस्थांनीं १९०८ सालीं व्यवसाय-मार्गदर्शनाची एक कचेरी उघडली. त्या काळीं युरोपांतून हजारों गरीब कुटुंबें त्या शहरांत येऊन उतरत होतीं. त्यांच्या मुलांना भाषा नवी, रीत नवी, आणि कोणतें काम आपल्याला साधेल हें सांगणारें कोणी नाहीं. अशा तरुणांना जवळ बसवून, त्यांची आवड आणि ऐपत विचारून, मार्ग दाखविण्याचें काम पार्सन्स यांनीं आरंभिलें. त्याच वर्षीं ते वारले, आणि त्यांचें पुस्तक पुढील वर्षीं प्रसिद्ध झालें. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, समुपदेशनाची ही विद्या सुखवस्तु घरांतील मुलांच्या सोयीसाठीं जन्मली नाहीं. परक्या भाषेच्या गांवांत गोंधळून उभ्या राहिलेल्या मुलांसाठीं जन्मली.

आतां आमच्या प्रदेशाकडे वळूं. पूर्वीच्या मोठ्या चंद्रपूर जिल्ह्यांतून २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याचें क्षेत्रफळ साडेचौदा हजार चौरस किलोमीटरांच्या जवळपास असून त्यांतील सुमारें तीनचतुर्थांश भाग जंगलाचा आहे. २०११ च्या शिरगणतींत या विस्तीर्ण मुलखांत अवघीं पावणेअकरा लाखांच्या आंत माणसें मोजलीं गेलीं, आणि त्यांतील शंभरांपैकीं सुमारें ३९ अनुसूचित जमातींचीं होतीं. परंतु आंकड्यांपेक्षां येथील एखाद्या वर्गांत डोकावलें तर अधिक कळेल. एका बांकावर गोंड मुलगी, शेजारीं माडिया. सिरोंच्याकडे तेलुगु बोलणारीं मुलें. चामोर्शी आणि मुलचेऱ्याकडे पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या घरचीं बंगाली बोलणारीं. पूर्वेच्या सीमेवर छत्तीसगढी बोलणारीं. चंद्रपूर जिल्ह्यांत जिवतीच्या पहाडावर कोलाम, आणि कोळशाच्या खाणींच्या व कारखान्यांच्या गांवीं अनेक प्रांतांतून आलेल्या कामगारांचीं मुलें. आणि या सर्वांपुढें उभा असतो तो बहुधा मराठीच बोलणारा माझ्यासारखा एक मास्तर.

या मुलांपैकीं पुष्कळ जण आदिवासी विकास विभागाच्या शासकीय अथवा अनुदानित आश्रमशाळांत राहून शिकतात. शहरांतील पालकांनीं क्षणभर ही कल्पना करावी. सहासात वर्षांचें मूल आईला सोडून, घरची भाषा सोडून, शेंकडों अनोळखी मुलांच्या वसतिगृहांत निजावयास येतें. तेथें मुख्याध्यापक असतात, अधीक्षक असतात, स्वयंपाकी आणि कामाठी असतात. परंतु त्या मुलाच्या पोटांत कां दुखतें, हें विचारण्याचें काम नेमकें ज्याचें, असा माणूस क्वचितच असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें शाळांना समुपदेशक अथवा प्रशिक्षित समाजसेवक जोडून द्यावे असें म्हटलें आहे, तें म्हणूनच महत्त्वाचें आहे.

असा समुपदेशक आमच्या भागांत आला, तर त्यानें काय करावें? मुलाच्या वाटेंत उभ्या असलेल्या चार भिंतींचा मी विचार करतों.

पहिली भिंत भाषेची. पाण्याला गोंडींत 'येर' म्हणतात. ज्या मुलानें जन्मापासून 'येर' म्हटलें, त्याच्यापुढें पेल्याचें चित्र धरून आपण विचारतों, हें काय? तें गप्प राहतें. त्याला पाणी माहीत नाहीं असें नव्हे. आपला प्रश्न त्याला कळलेला नसतो. आपण मात्र वहींत शेरा लिहून मोकळे होतों. समुपदेशकाचें पहिलें काम असें कीं, शाळेंत दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरीं कोणती भाषा बोलतात याची नोंद त्यानें करून घ्यावी. आमच्या दाखल-खारीज रजिस्टरांत जात असते, जन्मतारीख असते. घरची बोली कोणी टिपून ठेवीत नसे. मग त्याच बोलीचें एखादें वरच्या वर्गांतील मूल नव्या मुलाचा सोबती म्हणून नेमून द्यावें. पहिले कांहीं महिने मुलाला स्वतःच्या भाषेंत उत्तर देण्याची मुभा असावी, आणि शिक्षकानें त्या भाषेंतील निदान शंभर शब्द शिकावे. हें समुपदेशकानें शिक्षकाला हुकूम म्हणून सांगूं नये. स्वतः शिकून दाखवावें. मास्तर चुकीचा उच्चार करतो आणि मुलें हंसतात, त्या दिवशीं वर्गांतील अर्धी भीति पळून जाते, असा माझा उशीरा आलेला अनुभव आहे.

याला कायद्याचाहि आधार आहे. १९५६ सालीं घटनेंत घातलेलें ३५० अ हें कलम सांगतें कीं, भाषिक अल्पसंख्य समाजांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून देण्याची सोय करण्याचा राज्यांनीं प्रयत्न करावा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेंहि शिक्षणाचें माध्यम शक्य तोंवर मुलाची मातृभाषा असावी असें म्हटलें आहे. गोंडी बोलणारे लोक २०११ च्या शिरगणतीप्रमाणें देशांत सुमारें ३० लाख आहेत. तरी घटनेच्या आठव्या अनुसूचींत ती भाषा नाहीं. धानोरा तालुक्यांतील मोहगांवच्या ग्रामसभेनें २०१९ सालीं स्वतः गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली आणि तिच्या नांवांत 'गोटुल' हा शब्द घातला. गोटुल म्हणजे गोंड समाजांतील तरुणांचें शिकण्याचें व एकत्र जमण्याचें जुनें स्थान. लोकांना शिक्षण नको आहे असें म्हणणाऱ्यांनीं या गोष्टीचा विचार करावा. त्यांना शिक्षण हवें आहे. तें आपल्या मुलांना मुकें करून मिळावें, हें त्यांना नको आहे.

दुसरी भिंत शरीराची. आमच्या भागांत सिकलसेल नांवाचा रक्ताचा आजार पुष्कळ घरांत आढळतो. रक्तांतील तांबड्या पेशी गोल असावयाच्या, त्या या आजारांत विळ्यासारख्या वांकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपायांत, पाठींत, पोटांत असह्य कळा येतात. हा आजार आईबापांकडून येतो. स्पर्शानें लागत नाहीं. थंडी, तहान आणि अतिश्रम यांनीं कळा उठतात. आतां आश्रमशाळेचा दिवस डोळ्यांपुढें आणा. पौष महिन्याची पहांट, थंडगार पाण्याची आंघोळ, त्यावर कवायत. जें मूल कुडकुडत मागें राहतें, त्याला आम्ही आळशी म्हणत आलों. समुपदेशकाला जर हें ज्ञान असेल तर तो वैद्यकीय तपासणी करवून घेईल. त्या मुलाला ऊन पाणी मिळेल, अंगावर गरम कपडा राहील, वर्गांत हवें तेव्हां पाणी पिण्याची आणि बाहेर जाण्याची परवानगी असेल, धांवण्याची सक्ति होणार नाहीं, डॉक्टरांनीं दिलेलीं औषधें नियमानें पोटांत जातील. यांतील बहुतेक गोष्टींस पैसा लागत नाहीं, माहिती लागते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यांत जे २१ प्रकार सांगितले आहेत, त्यांत सिकलसेल आहे, आणि वाचन-लेखन-गणितांतील विशिष्ट अक्षमताहि आहे. पात्र विद्यार्थ्याला परीक्षेंत लेखनिक मिळूं शकतो, तासामागें वीस मिनिटें अधिक वेळ मिळूं शकतो. परंतु त्यासाठीं प्रमाणपत्र लागतें, आणि तें कोठून व कसें मिळवावयाचें हें जंगलांतील बापाला कोण सांगणार? तेथें समुपदेशकानें त्याच्याबरोबर जिल्ह्याच्या रुग्णालयाची पायरी चढावी.

तिसरी भिंत कागदाची आणि कॅलेंडराची. आमच्या मुलखांत मार्च-एप्रिल मोहफुलांचे, मे तेंदूपानांचा, जुलै धानाच्या रोवण्याचा. या दिवसांत घरांतील प्रत्येक हात कामाचा असतो, आणि लहान भावंडाला सांभाळणारी बहुधा शाळेंतीलच मुलगी असते. पावसाळ्यांत पर्लकोटेसारख्या नद्यांना पूर आला म्हणजे गांवेंच्या गांवें तुटतात. मीं पुढें पुढें एक युक्ति काढली. हजेरीपट क्रमांकाप्रमाणें न वाचतां गांवाप्रमाणें आणि टोल्याप्रमाणें वाचूं लागलों. एका टोल्याचीं सर्व मुलें एकाच दिवशीं गैरहजर असतील, तर दोष मुलांचा नसून नाल्याचा असतो! समुपदेशकानें हजेरीपट असा वाचावयास शिकावें आणि मग मुख्याध्यापकांशीं बोलावें: बुडालेले धडे मागून भरून काढण्याची सोय काय, परीक्षेची तारीख हलवितां येईल काय? शाळा सोडलेल्या किंवा शाळेंत कधींच न गेलेल्या मुलाला वयाप्रमाणें योग्य त्या वर्गांत घेऊन विशेष शिकवणी देण्याची तरतूद शिक्षणहक्क कायद्यांत आहेच. आणि मूल शाळेंत येत नसेल तर शाळा मुलाकडे जाऊं शकते, हें ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं ठाणें जिल्ह्याच्या त्या काळच्या आदिवासी भागांत दाखवून दिलें आहे. १९४५ सालीं बोर्डीस आरंभ झालेलें त्यांचें कार्य पुढें कोसबाडच्या टेंकडीवर गेलें. गुरें राखणारीं मुलें शाळेंत येऊं शकत नाहींत असें दिसतांच कुरणांतच त्यांची शाळा भरविण्यांत आली. कुरणशाळा हा शब्द तेथूनच आपल्या कानीं आला.

कागदाची गोष्ट याहून कठीण. दहावी-बारावीनंतर जेथें जावें तेथें जातीचें प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी मागतात. अनुसूचित जमातीच्या बाबतींत ६ सप्टेंबर १९५० पूर्वींचा पुरावा पाहतात. ज्या आजोबांची जमीन कोणत्याहि दप्तरांत नोंदलेली नव्हती, त्यांच्या नातवानें कागद कोठून आणावा? अशा वेळीं कित्येकदां कोणा पूर्वजाचें अथवा चुलत आजोबांचें नांव एखाद्या जुन्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरांत सांपडतें आणि त्या एका ओळीवर मुलाचें शिक्षण तरतें. म्हणून समुपदेशकानें हें काम बारावीच्या निकालानंतर नव्हे, आठवीपासूनच हातीं घ्यावें. हुशार मुलगा निव्वळ कागदावांचून घरीं बसलेला पाहणें, यासारखें दुःख मास्तराला दुसरें नाहीं.

चौथी भिंत लाजेची आणि भयाची. ती सर्वांत उंच, कारण ती दिसत नाहीं. आमच्या कांहीं गोंड आणि माडिया गांवांत मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रियांनीं गांवाच्या कडेला 'कुर्मा' नांवाच्या झोपडींत राहण्याची रीत आहे. मोठी झालेली मुलगी त्या दिवसांत शाळेंत येत नाहीं, कारण सांगत नाहीं, आणि हळूहळू तिचें नांव पटावरून गळतें. येथें शहाणपणा मिरविणारा माणूस गांवाची चेष्टा करतो आणि दार कायमचें बंद करून घेतो. समुपदेशक, आणि येथें ती स्त्री असावी हें बरें, प्रथम मुलींच्या आयांशीं बोलते, शाळेंत बंद होणारें दार आणि पाणी असलेलें शौचगृह आहे कीं नाहीं हें पाहते, लागणाऱ्या वस्तु हातोहात मिळतील अशी व्यवस्था करते, आणि त्या दिवसांतील गैरहजेरीबद्दल कोणी चारचौघांत विचारणार नाहीं असा नियम करवून घेते.

भयाचें तसेंच. वसतिगृहांत मूल मार खात असेल, मोठीं मुलें छळीत असतील, किंवा ज्याच्यावर विश्वास ठेवावा अशा माणसाकडूनच त्याच्या अंगाशीं अनाचार होत असेल, तर तें बोलत नाहीं. तें अंथरूण ओलें करतें, जेवत नाहीं, रात्रीं पळून जाण्याचा प्रयत्न करतें. अशा खुणा ओळखणें ही समुपदेशकाची विद्या आहे. मुलानें सांगितलेलें गुप्त ठेवावें हा त्याचा धर्म. परंतु जिवाला धोका असेल किंवा लैंगिक अत्याचार झाला असेल तर गुप्ततेचा धर्म तेथें संपतो. २०१२ च्या बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याप्रमाणें अशी गोष्ट कळल्यावर ती पोलिसांना कळविणें बंधनकारक आहे. शाळेचें नांव जाईल म्हणून ती झांकणें हा गुन्हा आहे. मुलांच्या मदतीसाठीं १०९८ हा, आणि मनाच्या व्यथेसाठीं १४४१६ हा दूरध्वनिक्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, लिहिलेले असावे.

या चार भिंतींखेरीज आणखी एक गोष्ट आहे. तिला मी भिंत न म्हणतां बुटकें छप्पर म्हणेन. जंगलांतील मूल दिसलें कीं, आपण त्याचें भविष्य मनाशीं ठरवून टाकतों: वनरक्षक होईल, नाहीं तर पोलीस शिपाई. दोन्ही कामें मानाचीं आहेत. परंतु मुलाला न विचारतां तीं त्याच्या कपाळीं लिहिणारे आपण कोण? डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं ज्या हेमलकशाला आपलें आयुष्य वाहिलें, त्या लोकबिरादरी प्रकल्पाची सुरुवात बाबा आमटे यांनीं १९७३ सालीं केली. तेथल्या शाळेंत शिकलेलीं माडिया मुलें पुढें डॉक्टर आणि वकील झालीं आहेत. दुसरीकडे धानोरा तालुक्यांतील मेंढा या गांवाला २००९ सालीं आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. अशा ग्रामसभांना बांबूचा हिशेब ठेवणारा, नकाशा वाचणारा, कायदा समजणारा माणूस गांवांतलाच हवा असतो. २०११ पासून गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ आहे. समुपदेशकानें या सर्व वाटा मुलापुढें मांडाव्या, आणि निवड त्याची त्याला करूं द्यावी. जो मुलगा डोळे मिटून पन्नास झाडें सालीवरून ओळखतो, तो वनस्पतिशास्त्र शिकूं शकणार नाहीं, असें कोणत्या पुस्तकांत लिहिलें आहे?

येथें एक आक्षेप नेहमीं घेतला जातो, आणि तो मी स्वतः पूर्वीं घेत असें. एका मुलाला अधिक वेळ, दुसऱ्याला त्याची भाषा, तिसऱ्याला सवलत, मग बाकीच्यांवर अन्याय नाहीं कां होत? माझें उत्तर असें कीं, लांब दोर दिल्यानें कोणाच्या विहिरींतील पाणी कमी होत नाहीं. परीक्षा तीच राहते, गणित तेंच राहतें. त्याच्यापर्यंत पोंचण्याची वाट तेवढी मोकळी होते. शिवाय जी शाळा एका अबोल मुलासाठीं प्रश्न सोपा करून विचारावयास शिकते, तिच्यांत इतर मुलेंहि अधिक शिकतात. मात्र समुपदेशकानें एक पथ्य पाळावें. साहाय्य करतांना मुलावर कोणताहि शिक्का मारूं नये. "हा कमकुवत, याला वेगळें बसवा" असें झालें कीं, औषधानेंच रोग वाढतो. सुधारावयाची असते ती शाळा, मूल नव्हे.

आतां शहरांतील श्रोत्यांना प्रश्न पडेल कीं, या जंगलच्या गोष्टीचा आमच्याशीं काय संबंध? संबंध आहे. नागपूर, पुणें, मुंबईच्या शाळांतहि बांधकामावरच्या मजुराचें मूल असतें, खेड्यांतून नुकतें आलेलें मूल असतें, ज्याची भाषा ऐकून इतर हंसतात असें मूल असतें. आपला मुलगा घरीं येऊन म्हणेल, "आमच्या वर्गांत एक मुलगा मुकाच आहे," तर त्याला विचारा कीं, तो मधल्या सुटींत कोणाशीं बोलतो, आणि कोणत्या भाषेंत? त्याला एकदां घरीं जेवावयास बोलवा. पालकसभेला जाल तेव्हां स्वतःच्या मुलाचे गुण विचारून झाल्यावर मुख्याध्यापकांना आणखी एक प्रश्न विचारा: या शाळेंत मुलांचें ऐकून घेणारा माणूस कोण आहे? जेथें समुपदेशकाची नेमणूक नाहीं तेथेंहि हें काम थांबत नाहीं. एखादी मायाळू शिक्षिका, एखादा अधीक्षक, कधीं कधीं वसतिगृहांतील स्वयंपाकीण तें करीत असते. परंतु तेवढ्यावर विसंबून राहणें योग्य नव्हे. पाटीपुस्तकांप्रमाणेंच हाहि शाळेचा आवश्यक खर्च आहे असें आपण सर्वांनीं म्हटलें पाहिजे.

श्रोतेहो, त्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर मीं लिहिलेला शेरा मला पुसतां आला नाहीं. पुढें दुसऱ्या शाळांवर मीं शक्य तेवढी भरपाई केली. परंतु त्या मुलाची भरपाई झाली नाहीं. अजूनहि मोहाचा वास आला कीं, तें झाड, तीं हंसणारीं मुलें आणि माझ्याकडे पाहतांच मिटलेलें तें तोंड मला आठवतें. 'बोलत नाहीं' असें मीं लिहिलें होतें. खरें पाहतां, 'मला ऐकतां येत नाहीं' असें मीं लिहावयास हवें होतें. तो शेरा मग माझ्या नांवापुढें पडला असता, आणि कदाचित् कोणी तरी मला शिकविलेंहि असतें.